‘कदम कदम’ कुणाचं? कॅप्टन रामसिंह ठाकुरी यांचं प्रकरण

शाळेच्या बँडमध्ये मी साइड ड्रमवर होतो. कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं पितळी वाद्य, फुंकायला दम लागतो, तो माझ्यात नव्हता, म्हणून ड्रम. सगळ्यात आधी बसवलेली चाल ‘कदम कदम बढ़ाये जा’. ही चाल कुणाची, असं कुणीतरी विचारलं तेव्हा आमचे सर म्हणाले, “सी. रामचंद्र. समाधी पिक्चर.” विषय तिथेच संपला. पुढे कितीतरी वर्षं ही चाल कानावर पडली की शेजारच्याला न विचारता ही माहिती पुरवायचं काम मी इमानेइतबारे केलं.

दुसरी एक गोष्ट नंतर ऐकली, आणि ती तर आता दर पंधरा ऑगस्टला मोबाइलवर येऊन पडते. ‘जन गण मन’ची चाल म्हणे रवींद्रनाथांची नाहीच, ती आझाद हिंद फौजेतल्या एका गोरखा बँडवाल्याची.

दोन्ही गोष्टी चूक आहेत. गंमत म्हणजे दोन्ही चुका एकाच माणसाच्या वाट्याला आल्यात. जी चाल त्यांची, तिच्यावरून त्यांचं नाव पुसलं गेलं. जी त्यांची नव्हती, तिच्यावर मात्र ते चिकटवलं गेलं. बँडसाठी संगीत लिहिणाऱ्याचं नेमकं काम काय आणि सिनेमाच्या संगीतकाराशी गाठ पडल्यावर त्या कामाचं काय होतं, हे बघायला याहून चांगलं प्रकरण मला सापडलेलं नाही.

माणूस

रामसिंह ठाकुरी यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१४ चा, धरमशालेजवळच्या खनियारा गावातला. तारखेचा योगायोग बघा. घर पलटणीतलं. पोरवयातच ते पहिल्या गोरखा रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनमध्ये ‘बँड बॉय’ म्हणून भरती झाले. त्या काळी पलटणीचा बँड म्हणजे एक चालतंबोलतं संगीत विद्यालय होतं. कवायतीला पितळी वाद्यं, ऑफिसर्स मेसमधल्या जेवणावळीला तंतुवाद्यं, नाचाच्या रात्री नाचाचं संगीत. पोरं तिन्ही शिकायची आणि पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायलाही शिकायची. आपल्याकडे गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात चाल उतरते. बँडमध्ये ती कागदावरून उतरते, आणि कागद हरवला तर परेड अडते.

ऑगस्ट १९४१ मध्ये पलटण मलायाला गेली. डिसेंबरात जपानचा हल्ला झाला आणि १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. युद्धकैदी झालेल्या हिंदी सैनिकांमधून आझाद हिंद फौज उभी राहिली, तिच्यात रामसिंह होते. जुलै १९४३ मध्ये सुभाषबाबू सिंगापुरात आले आणि फौजेला गाणी हवी झाली. कौमी तराना (म्हणजे फौजेचं राष्ट्रगीत), ‘कदम कदम’, झाशीची राणी रेजिमेंटचं ‘हम भारत की लड़की हैं’ ही सगळी कामं या एका बँडवाल्याच्या हातून झाली.

सुभाषबाबूंनी त्यांना एक व्हायोलिन भेट दिलं होतं. म्हातारपणीही ते वाजवत. त्यांच्या फोटोंमध्ये बहुतेक वेळा तेच व्हायोलिन हातात दिसतं.

चाल पहिली: जी त्यांची होती

‘कदम कदम’चे शब्द वंशीधर शुक्ल यांचे. चाल रामसिंहांची. ती इतकी चिवट का ठरली, हे समजायला संगीत यावं लागत नाही. शाळेत वृत्तं घोकली असतील तर तेवढं पुरे.

क-दम-क-दम-ब-ढा-ये-जा. एक लघू, एक गुरू, असं चार वेळा. ‘ये’ खरं तर गुरू, पण गाताना आपण तो लघूच उच्चारतो. म्हणजे ही झाली ‘प्रमाणिका’. दोन प्रमाणिका सलग जोडल्या की पंचचामर होतं, शिवतांडव स्तोत्राचं वृत्त. जागच्या जागी पाय आपटायला लावणारं वृत्त आपल्याकडे शतकानुशतकं तयारच होतं.

आता उठून उभे राहा आणि चालत चालत ही ओळ म्हणा. ‘क’ येतो तेव्हा पाय हवेत असतो, ‘दम’ला तो जमिनीवर टेकतो. डावा, उजवा, डावा, उजवा. चार गुरू, चार पावलं, ओळ संपली. मिनिटाला १२० पावलांच्या जलद चालीत ही ओळ दोन सेकंदांत होते. सैनिकाला ताल मोजावा लागत नाही, शब्दच त्याचा पाय उचलतात आणि ठेवतात. थकलेल्या, वेगवेगळ्या प्रांतांतल्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या माणसांना एका रांगेत चालवायचं तर याहून सोपी युक्ती नाही. पावलांचा हिशेब करणं हा ज्याचा पोरवयापासूनचा धंदा, त्यालाच ती सुचते.

मी ड्रमवर असल्यामुळे आणखी एक गोष्ट सांगतो. फुंकून वाजवणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो, आणि तो कुठे घ्यायचा हे चाल बांधणाऱ्याने ठरवायचं असतं. या चालीत प्रत्येक ओळीच्या शेवटच्या गुरूवर, ‘जा’वर, थांबायला जागा आहे. तिथे कॉर्नेटवाले गुपचूप श्वास भरून घेतात आणि तेवढा वेळ आम्ही ड्रमवाले रांग सावरून धरतो. ऐकणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही.

चाल दुसरी: जी त्यांची नव्हती

‘जन गण मन’ पहिल्यांदा गायलं गेलं २७ डिसेंबर १९११ ला, काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात. तेव्हा खनियाऱ्यातल्या या मुलाचा जन्मही झाला नव्हता. १९१९ मध्ये रवींद्रनाथ आंध्रातल्या मदनपल्लीच्या थिऑसॉफिकल कॉलेजात राहिले होते. तिथे मार्गारेट कझिन्स यांनी त्या चालीची पाश्चात्त्य स्वरलिपी तयार केली. सप्टेंबर १९४२ मध्ये हॅम्बुर्गला सुभाषबाबूंच्या समारंभात ते वाद्यवृंदावर वाजलं, आणि तेव्हा रामसिंह सिंगापुरात होते. एवढ्या तारखा ओळीने मांडल्या की फॉरवर्डवाल्यांचा दावा उरत नाही.

मग त्यांचं नाव या चालीला चिकटलं तरी कसं?

सुभाषबाबूंना संस्कृतप्रचुर बंगालीऐवजी साध्या हिंदुस्थानीत गीत हवं होतं, कुठल्याही प्रांतातल्या शिपायाला कळेल असं. आबिद हसन सफरानी आणि मुमताज हुसेन यांनी ‘शुभ सुख चैन’ लिहिलं, हाच तो कौमी तराना, रवींद्रनाथांच्या गीताचा सांगाडा आणि चाल समोर ठेवून. ते बँडवर आणायचं काम रामसिंहांकडे आलं. आझाद हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा २१ ऑक्टोबर १९४३ ला सिंगापुरातल्या कॅथे बिल्डिंगमध्ये झाली. ते सिनेमाचं थिएटर होतं! कॅथेची इमारत दुभंगेल असं वाजलं पाहिजे, असं सुभाषबाबूंनी बजावल्याची आठवण रामसिंह सांगत.

या कामाचं वजन बाहेरच्या माणसाला जाणवत नाही, म्हणून जरा जवळून बघू. बँडमधली वाद्यं वेगवेगळ्या स्वरांत बनवलेली असतात, म्हणून एकाच स्वराचं नाव प्रत्येकाच्या कागदावर वेगळं होतं. समजा चालीचा ‘सा’ बी फ्लॅट या पाश्चात्त्य स्वरावर धरला. कॉर्नेटवाल्याच्या कागदावर तोच सा ‘सी’ म्हणून लिहावा लागतो. ई फ्लॅट हॉर्नवाल्याच्या कागदावर तो ‘जी’ होतो. खालच्या स्वरांची स्वरलिपी (बास क्लेफ) वाचणाऱ्या युफोनियमवाल्याला तो ‘बी फ्लॅट’च दिसतो. एकच सा, तीन कागदांवर तीन नावं. यातला एक कागद चुकला की राष्ट्रगीताच्या पहिल्याच स्वराला लोक दचकून बघतात. (हे मी स्वानुभवावरून सांगतोय, फक्त आमच्या वेळी राष्ट्रगीत नव्हतं, गॅदरिंगचं स्वागतगीत होतं.) शिवाय गळ्यातून सहज निघणारी मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, तीन कळांच्या कॉर्नेटवर तशीच्या तशी येत नाही. तिच्या जागी कोणते सुटे स्वर ठेवायचे, हे ठरवावं लागतं. मुख्य चाल कुणी वाजवायची, खाली आधार कुणी धरायचा, ढोल कुठे वाजायचा आणि कुठे गप्प बसायचा, हेही आलं. गाणं एकट्याच्या गळ्यातून काढून पंचवीस-तीस जणांत वाटायचं आणि तरी ते एकच वाटलं पाहिजे. याला म्हणतात अरेंजमेंट. त्याला रचना म्हणत नाहीत, पण ती नुसती नक्कलही नव्हे.

कौमी तराना ज्यांनी ज्यांनी ऐकला, त्यांनी ‘जन गण मन’ची चाल बँडवर ऐकली आणि समोर ती वाजवणारा माणूस पाहिला. पुढे तीच चाल राष्ट्रगीताची म्हणून देशभर वाजू लागली. दोन आठवणी एकमेकींत मिसळल्या आणि ‘बँडवर आणली’चं ‘बांधली’ झालं. माझ्या मते लबाडीपेक्षा यात भाषेचा दोष जास्त आहे. आपल्याकडे संगीतकाराला शब्द आहे, गायकाला आहे, वादकाला आहे. या मधल्या माणसाला आपण आजही इंग्रजीतूनच ‘अरेंजर’ म्हणतो.

त्याच सुमारास कलकत्त्यात

इथे सिनेमा येतो, तोही दोन बाजूंनी.

सिंगापुरात ही चाल बँडवर बसली त्याच सुमारास कलकत्त्यात न्यू थिएटर्सच्या स्टुडिओत तीच चाल एका सिनेमाच्या संगीतकाराच्या हातात होती. बिमल रॉय यांचा ‘उदयेर पथे’ १९४४ चा. त्याची हिंदी आवृत्ती ‘हमराही’ १९४५ ची. संगीत रायचंद बोराल. त्यात ‘जन गण मन’ आहे, राष्ट्रगीत ठरण्याच्या पाच वर्षं आधी. एकच चाल युद्धाच्या दोन बाजूंना, एकीकडे पलटणीच्या पायांसाठी आणि दुसरीकडे थिएटरातल्या खुर्च्यांसाठी. बोरालनी ती चाल केली असं मात्र आजवर कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. सिनेमाच्या संगीतकाराने आधीचं गीत वापरलं, हे लोकांना सहज पटतं. बँडवाल्याबद्दल तेवढी स्पष्टता कुणी ठेवली नाही.

दुसरी बाजू आपल्या घरची. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीत कोणतं, हा प्रश्न बघता बघता ‘बँडवर कोणतं वाजेल’ या प्रश्नावर येऊन ठेपला. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी आपल्या शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीत मागितलं गेलं, तेव्हा ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका पुढे करण्यात आली. तिथल्या वाद्यवृंदाने ते वाजवलं आणि लोकांना आवडलं. ऑगस्ट १९४८ च्या निवेदनात नेहरूंनी हा किस्सा सांगितला. ‘वंदे मातरम्’ची चाल करुण आहे, पुन्हा पुन्हा तीच येते आणि वाद्यवृंदाला किंवा बँडला सोयीची नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

ते खोडून काढायला उभे राहिले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, ‘धर्मात्मा’, ‘माणूस’, ‘शेजारी’ या प्रभातच्या चित्रपटांचे संगीतकार. मास्तरांनी झिंझोटी रागातलं आपलं ‘वंदे मातरम्’ बँडला पेलेल असं बांधलं, त्याची पाश्चात्त्य स्वरलिपी करवून घेतली आणि दिल्लीला जाऊन संविधानसभेच्या सदस्यांपुढे ते वाजवून दाखवलं. ख्यालगायकीत मुरलेला, सिनेमात नावाजलेला माणूस कॉर्नेट आणि ढोलांचा हिशेब करत बसलाय, हे चित्र मला फार आवडतं. रामसिंहांनी पलटणीत जे पोटासाठी शिकून घेतलं होतं, ते मास्तरांनी एका गाण्याच्या प्रेमापोटी पन्नाशीला आल्यावर शिकून घेतलं. निर्णय त्यांच्या बाजूने गेला नाही. २४ जानेवारी १९५० ला ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरलं आणि ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान मिळाला.

‘समाधी’

त्याच १९५० साली रमेश सैगल यांचा ‘समाधी’ आला. आझाद हिंद फौजेची पार्श्वभूमी, अशोककुमार आणि नलिनी जयवंत. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, आपले अण्णा.

सिनेमातली फौज चालणार तर खऱ्या फौजेचं गाणं हवंच. ते मिळवायला रामसिंहांना शोधत जायची गरज नव्हती. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यातला खटला सुरू झाला तेव्हा आझाद हिंद फौजेचं सगळं काही रस्त्यावर आलं होतं, घोषणा आणि गाणीसुद्धा. ‘कदम कदम’ लोकांच्या तोंडी होतं. अण्णांनी ते घेतलं, सिनेमाच्या वाद्यवृंदावर बसवलं, आणि सिनेमा चालला. खूप चालला. ‘गोरे गोरे ओ बांके छोरे’ याच सिनेमातलं. पलटणीची चाल आणि क्लबातला ठेका एकाच सिनेमात.

अण्णांवर चोरीचा आरोप करायला मी तयार नाही. कथेला हवं असलेलं, सगळ्यांना ठाऊक असलेलं गाणं त्यांनी वापरलं, बोरालनी पाच वर्षं आधी केलं तसंच. अडचण रकान्याची आहे. गाण्यांच्या यादीत संगीतकाराचा रकाना एकच असतो, आणि त्यात सिनेमाच्या संगीतकाराचं नाव आपोआप जाऊन बसतं. ‘जन गण मन’च्या मागे रवींद्रनाथ उभे होते, म्हणून ते बोरालांच्या नावावर गेलं नाही. ‘कदम कदम’च्या मागे कोण उभं होतं? एक बँडवाला, ज्याची फौज हरली होती. पुढे २००५ मध्ये श्याम बेनेगलांच्या नेताजींवरच्या सिनेमात ते पुन्हा आलं, तेव्हा त्या रकान्यात ए. आर. रहमान होते.

याच रकान्याने आणखी एकाला झाकलंय. सी. रामचंद्रांच्या त्या काळातल्या गाण्यांना वाद्यांचं अंग देणारा माणूस होता चिक चॉकलेट. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या आल्डोन्याचा ट्रम्पेटवाला. मुंबईच्या स्टुडिओंत असे गोवेकर अरेंजर किती होते! संगीतकार पेटीवर चाल द्यायचा, हे लोक ती लिहून काढायचे आणि चाळीस वादकांत वाटायचे. म्हणजे रामसिंह सिंगापुरात जे करत होते, तेच. त्यांना श्रेय मिळालंच तर ‘सहायक’ म्हणून. तेव्हा ‘समाधी’च्या निमित्ताने बँडवाल्याची सिनेमाशी गाठ पडली, असं आपण म्हणतो खरं. पण सिनेमाच्या पोटातही एक बँडवाला बसलेलाच होता.

कायदा काय म्हणतो

थोडक्यात सांगतो. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात चाल आणि शब्द या दोन वेगळ्या कृती आहेत. चालीची अरेंजमेंट किंवा वाद्यांसाठी केलेलं लेखन हे मूळ कृतीचं ‘रूपांतर’ मानलं जातं. ही मोजपट्टी लावली तर हे प्रकरण पाच मिनिटांत सुटतं. ‘कदम कदम’ची चाल रामसिंहांची, ‘समाधी’तलं गाणं तिचं रूपांतर. ‘जन गण मन’ची चाल रवींद्रनाथांची, कौमी तरान्याची बँडवरची बांधणी हे रामसिंहांनी केलेलं रूपांतर. कायद्याच्या कागदावर सरळ आहे. लोकांच्या डोक्यात नेमकं उलटं बसलंय.

लखनौ

रामसिंहांची उरलेली नोकरी शांतपणे गेली. १९४८ मध्ये ते उत्तर प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलात, पीएसीत, सबइन्स्पेक्टर म्हणून दाखल झाले आणि लखनौला तिथला बँड सांभाळू लागले. १९७४ मध्ये निवृत्त झाले. म्हणजे ‘समाधी’ थिएटरात गर्दी खेचत होता तेव्हा त्या चालीचा कर्ता पोलिसांच्या पोरांना कॉर्नेट शिकवत होता. त्याच्या आजूबाजूच्या लोकांनी सिनेमा पाहिला असणार. परत आल्यावर ते त्याला काय म्हणाले असतील, याची मी अनेकदा कल्पना केली आहे. १५ एप्रिल २००२ ला लखनौत त्यांचं निधन झालं. ‘कदम कदम’ आज भारतीय लष्कराची जलद संचलनाची चाल आहे.

२९ जानेवारी २०२२ चं बीटिंग रिट्रीट, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणारं लष्करी बँडचं संचलन, मी टीव्हीवर पाहत होतो. त्या वर्षी ‘अबाइड विथ मी’ हे ख्रिस्ती प्रार्थनागीत काढून त्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ घेतल्यामुळे बराच गदारोळ झाला होता. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल सी. रामचंद्रांची, २७ जानेवारी १९६३ ला लताबाईंनी दिल्लीत गायलेलं. १९५० मध्ये अण्णांनी बँडची चाल सिनेमात नेली होती. आता अण्णांची चाल विजय चौकात बँडवर येणार होती आणि कुणा लष्करी अरेंजरने ती कॉर्नेटसाठी, हॉर्नसाठी, युफोनियमसाठी कागदांवर वाटून दिली होती. लताबाईंच्या गळ्यातल्या त्या मींडेचं त्याने काय केलं असेल, याची मला उत्सुकता होती.

पण त्याआधी ‘कदम कदम’ लागलं. माझी बोटं आपोआप टीपॉयवर वाजायला लागली. शेजारी आई बसली होती, ऐंशीच्या पुढची. ती मान डोलवत म्हणाली, “समाधीतलं ना रे हे?”

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात नुसते ड्रम सुरू झाले.